पेटीवाल्याची गाडी

‘‘ऐक आता,’’ अप्पा म्हणाले. बॉनेट उघडं होतं आणि इंजिन चालू होतं. ‘‘येतोय का फटफट आवाज?’’

मी कान दिला. परवापर्यंत आमची गाडी गल्लीत शिरली की झोपलेली कुत्री उठून उभी राहायची. आता मात्र लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी एकसारखी घरघर तेवढी उरली होती.

‘‘नाही येत.’’

‘‘का नाही येत?’’

‘‘तुम्ही तिला दम दिला असणार.’’

अप्पा हसले. हात पुसायच्या फडक्यानं त्यांनी कपाळच पुसलं आणि तिथं काळा पट्टा उमटला. ‘‘सायलेन्सरच्या पुढच्या पाईपला चीर गेलेली. न जळणारी दोरी गुंडाळली, वरनं पत्रा लावला, तारेनं आवळला. पेटीच्या भात्याला भोक पडलं की काय करतो आपण? चामडं डकवतो. हितं पत्रा. सांग, फरक काय?’’

फरक काय, ते आमच्या घरात कुणालाच सांगता आलं नसतं.

अप्पा, म्हणजे गणपतराव सुतार, कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत पेट्या दुरुस्त करायचे. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, देवळांच्या. पेटी समोर आली की ते आधी डोळे मिटायचे आणि एकेक पट्टी दाबत बसायचे. कुठला सूर फाटलाय, भाता कुठं वारा सोडतोय, हे त्यांना उघडून बघावं लागत नसे. या कानाचा त्यांना फार गर्व होता, आणि तो खोटाही नव्हता. पण एकदा माणसाला आपल्या कानाची खात्री पटली की तो नाकाचं आणि डोक्याचं ऐकेनासा होतो, हे मला फार उशिरा समजलं.

गाडी त्यांनी एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. छोटी, पांढरी, चार दारांची. इंजिन इतकं साधं की अप्पांना ते पेटीचंच भावंड वाटायचं. कार्बोरेटरचा स्क्रू पेचकसानं जरा इकडे, जरा तिकडे करत ते तास न् तास कान लावून बसायचे. ‘‘पेट्रोल थोडं जास्त सोडलं की बघ कशी मऊ बोलती,’’ म्हणायचे. शेजारच्या गॅरेजवाल्या रमजानभाईंनी दोनदा सांगितलं, ‘‘गणपतराव, इतकं पेट्रोल पाजू नका तिला. आणि खालनं एकदा बघू द्या मला.’’ त्यावर अप्पांचं उत्तर ठरलेलं. ‘‘तुझ्या पेटीला मी हात लावायला येतो का?’’ रमजानभाईंकडे पेटी नव्हतीच, त्यामुळे बोलणं तिथंच मिटायचं.

ही सगळी धावपळ चालली होती ती वीणाताईसाठी. माझी थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मुलगी झाली होती. सव्वा महिना उलटला, सासरहून निरोप आला, आणि आता लेकीला नि नातीला घाटाखाली पांचाळवाडीला पोचवायचं होतं. व्याह्यांची जीप होती. ती पाठवतो म्हणत होते. अप्पा ऐकायला तयार नव्हते. ताईच्या लग्नाला आमचं वऱ्हाड मालाच्या टेम्पोतून गेलं होतं आणि व्याही मांडवात चार लोकांपुढे म्हणाले होते, ‘‘पुढच्या खेपेला बसायच्या गाडीतनं या हं, सुतार.’’ चेष्टेत म्हणाले असतील. अप्पांनी मात्र ते शब्द मनात जपून ठेवले होते. नात स्वतःच्या गाडीतून तिच्या घराच्या दारात उतरली पाहिजे, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

निघालो तेव्हा थंडी मी म्हणत होती. आईनं ताईच्या कानात कापसाचे बोळे घातले, वरून कानटोपी, वरून शाल. बाळ तर गाठोड्यातून बाहेर दिसतच नव्हतं. मग आईनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या काढल्या आणि मागच्या काचांच्या फटी एकेक करून बुजवायला सुरुवात केली.

‘‘आई, श्वास तरी घेऊ दे आम्हाला,’’ मी म्हणाले.

‘‘तू गप. बाळंतिणीला वारं लागलं की जन्माचं दुखणं हुतंय. घाटातलं वारं म्हंजे नुस्ती सुरी.’’ मग तिनं पुढच्या काचेकडे मोर्चा वळवला. ‘‘अहो, तुमची पण काच वर घ्या.’’

‘‘मला हात दाखवायला लागतोय वळताना.’’

‘‘गावाबाहेर पडलं की घ्या.’’

अप्पांनी घेतली. आईनं तीही फट बुजवली. मी पुढे अप्पांच्या शेजारी बसले, मागे आई, ताई आणि ताईच्या मांडीवर बाळ. मागच्या सीटखाली अप्पांनी नवीन काथ्याची चटई अंथरली होती, कारण तिथला पत्रा गंजून पातळ झाला होता आणि ते व्याह्यांना दिसायला नको होतं.

सुरुवातीला आम्ही फार बोललो. आई ताईच्या सासरच्या, पांचाळांच्या घरच्या एकेकाची नक्कल करत होती, ताई हसत होती, अप्पा स्टेअरिंगवर ताल धरून अभंग म्हणत होते. मलकापूर मागे पडलं आणि बोलणं हळूहळू कमी होत गेलं. कुणी गप्प बस म्हणालं नव्हतं. एकेकाचं बोलणं आपोआप बंद पडत गेलं. आईनं मान मागे टाकली. माझं कपाळ असं ठणकत होतं की कुणी वर पाटा ठेवलाय. पहाटे उठल्यानं असेल, म्हटलं.

‘‘डोकं दुखतंय,’’ मी म्हणाले.

‘‘चहा न घेता निघालीस,’’ आई डोळे न उघडता म्हणाली. ‘‘मला पण मळमळतंय. गाडी लागती मला.’’

आईला कधीच गाडी लागत नसे. टेम्पोच्या हौद्यात उभी राहून ती घाट उतरली होती. हे मला आठवलं, पण आठवणीचं पुढे काय करायचं ते सुचेना. डोकं चालतच नव्हतं.

मग मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. काय ते कळायला वेळ लागला. अप्पांचा सूर उतरला होता. ते अभंग म्हणत होते आणि बेसूर म्हणत होते. जन्मात मी अप्पांना बेसूर ऐकलं नव्हतं. तापात बरळतानासुद्धा ते सुरात बरळायचे. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना ते कळलेलंच नव्हतं. डोळे रस्त्यावर होते, ओठ हलत होते, आणि आवाज घसरत घसरत कुठंतरी भलतीकडे चालला होता. मला एकाएकी भीती वाटली. कशाची, ते सांगता येईना.

‘‘अप्पा, थांबायचं का जरा?’’

‘‘आं?’’

‘‘थांबू या का?’’

‘‘आता कुठं थांबतीस? घाट आलाच की.’’

मागे बघितलं तर ताई जागी होती. एकटी तीच जागी होती. तिनं पदर बाळावरून ओढून घेतला होता आणि ती अप्पांच्या पाठीकडे टक लावून बघत होती. मी भुवई उडवून काय म्हणून विचारलं. तिनं एकदा अप्पांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. काही नाही.

आंबा गाव ओलांडलं आणि धुकं लागलं. समोरचा रस्ता चार हातांवर संपत होता. घाटाची सुरुवात होते तिथं देवीच्या दगडापाशी आईनं डोळे उघडले. बाळावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा होता. तान्ह्या पोराला घाट ओलांडून नेताना आमच्याकडे तसं करतात, वाटेवरच्या कुणाची नजर राहू नये म्हणून. ‘‘काच खाली घ्या जरा,’’ आई म्हणाली, आणि त्याच वेळी इंजिन दोनदा खोकलं, गाडी हिसके देत थांबली.

अप्पांनी किल्ली फिरवली. सेल्फ कण्हला आणि गप्प झाला.

‘‘प्लग धरले,’’ अप्पा म्हणाले. उतरताना त्यांचा तोल गेला, दार धरून ते सावरले. ‘‘पाय बधिर झालाय बसून.’’

आम्हीही उतरलो. उतरल्या उतरल्या मला भडभडून उलटी झाली. आई कठड्यावर बसून राहिली. गार वारा तोंडावर येत होता आणि तो इतका गोड लागत होता, की मी तोंड उघडून पाणी प्यावं तसा प्याले. ताई मात्र कुणाशी न बोलता बाळाला घेऊन झाडामागे गेली. बऱ्याच वेळानं तिकडून बाळाचं रडणं आलं. सकाळपासून ते पहिल्यांदाच रडत होतं.

‘‘उठली वाटतं माझी बाय,’’ अप्पा म्हणाले. ते प्लग पॉलिश पेपरवर घासत होते. काजळी धरून प्लग कोळशासारखे झाले होते. घासून त्यांनी ते परत बसवले, गाडी उतारावर सोडून गिअर टाकला, आणि इंजिन सुरू झालं. मऊ, एकसुरी, अप्पांना आवडायचं तसं. पुढे जाऊन थांबत ते काचेतून ओरडले, ‘‘चला, बसा! आता बंद करत नाही तिला. सेल्फ घेत न्हाई.’’

आई उठली. मी निघाले. ताई जागची हलली नाही.

‘‘मी गाडीत बसत नाही,’’ ती म्हणाली.

‘‘म्हंजे?’’

‘‘मी एस.टी.नं येतो.’’

आई तिच्याकडे बघतच राहिली. ‘‘अगं खुळे, एवढ्या वाऱ्यात तान्हं लेकरू घेऊन एस.टी.त? बस गुमान.’’

‘‘नाही बसत.’’

ताईचा स्वभाव तसा नव्हता. घरात हट्ट करायचा तर मी करायची, ती समजूत घालणारी. त्या दिवशी मात्र बाळाला छातीशी धरून ती रस्त्याच्या मधोमध अशी उभी राहिली, की तिला हलवायला बैलजोडी लागली असती. का, ते सांगेना. आईनं विचारलं, मी विचारलं. खाली मान घालून एकच. नाही बसत.

अप्पा गाडीतून उतरून आले. ‘‘काय झालं, वीणे? मी गाडी नीट चालवत न्हाई का?’’

‘‘तसं नाही अप्पा.’’

‘‘मग? बंद पडली म्हणून भ्यालीस?’’

तिनं बाळाचं दुपटं नीट केलं.

‘‘का बापाच्या जुन्या गाडीतनं दारात उतरायची लाज वाटती?’’

हे मात्र अप्पांनी बोलायला नको होतं. ताईचे डोळे भरले. ते बघून अप्पांचा चेहरा निवळला. लेकींवर फार वेळ चिडून राहणं त्यांना जमतच नसे.

‘‘बरं, असं करू,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही तिघी एस.टी.नं घाट उतरा. मी पुढं जातो, वाडीच्या फाट्यावर थांबतो. फाट्यापासनं आत तरी माझ्या गाडीतनं चल. दारापर्यंत. एवढं करशील का नाही?’’

ताईनं मान हलवली.

‘‘अप्पा, मी येऊ तुमच्याबरोबर?’’ मी विचारलं.

‘‘नको. तू पिशव्या धर. आईला उलटीबिलटी झाली तर बाळाला कोण घेणार?’’ ते गाडीत बसले. फटीतून निघालेली एक चिंधी त्यांनी बोटानं परत आत खोचली. ‘‘उबदार ठेवतो गाडी. बाळ बसली की गरम लागली पाहिजे.’’

गाडी धुक्यात शिरली. दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ ती ऐकू येत होती.

पहिली एस.टी. भरून आली आणि हात दाखवूनही थांबली नाही. दुसरीला फार वेळ लागला. आई ताईवर धुसफुसत होती, ताई बाळाला थोपटत होती, आणि माझं डोकं मात्र हळूहळू हलकं होत चाललं होतं. एस.टी.च्या खिडक्या खडखडत होत्या आणि एकही काच धड बसत नव्हती. आईनं पदर पसरून बाळाला आडोसा केला. घाटभर वारा खात बाळ हातपाय झाडत होतं, ओरडत होतं, आणि मागच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, ‘‘पोरगी खणखणीत आहे हो तुमची.’’

घाट उतरल्यावर धुकं विरळ झालं. फाट्यावर उतरलो तेव्हा समोरच वडाखाली आमची पांढरी गाडी उभी होती. इंजिन चालू होतं. इतकं सुरेल मी ते कधी ऐकलं नव्हतं. आईचासुद्धा चेहरा खुलला.

‘‘बघ, थांबलेत बिचारे,’’ ती म्हणाली.

पलीकडच्या टपरीवाल्यानं आम्हाला बघितलं. ‘‘पाव्हणे तुमचेच काय? मगाधरनं उभे आहेत. आधी एकदा चहा घेऊन गेले. गाडी बंद करा म्हटलं, तर म्हणाले, नात यायची आहे. आता झोपलेत वाटतं.’’

काचांवर आतून वाफ धरली होती. मी टकटक केलं. अप्पांचं डोकं काचेला टेकलेलं होतं. ‘‘अप्पा,’’ मी हाक मारली. मग जोरात मारली. दार ओढलं तेव्हा फटीतली चिंधी माझ्या पायावर पडली आणि आतून एक कोंदट, गरम झोत तोंडावर आला. अप्पा माझ्या अंगावर कलले.

त्यांचे गाल लाल होते. गरम पाण्यानं आंघोळ करून आल्यासारखे टवटवीत दिसत होते. म्हणूनच मला कितीतरी वेळ खरं वाटेना. टपरीवाल्यानं आणि आणखी दोघांनी त्यांना बाहेर काढून जमिनीवर निजवलं, कुणी पाणी मारलं, कुणी तळवे चोळले. मीच आत हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि तेव्हा आईचा आवाज मला ऐकू आला. ती बराच वेळ ओरडत असली पाहिजे.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी धरली आणि सोडली.

पांचाळांकडची माणसं फार चांगली वागली. व्याही स्वतः कोल्हापूरपर्यंत आले. जे वाईट बोललं गेलं ते आमच्याच गल्लीत. पोरीचा पायगुण, घाटात तुकडा टाकायचा राहिला, वाटेवरचं काहीतरी गाडीत बसलं. एकीनं तर आईच्या तोंडावर म्हटलं, ‘‘लेकीला आधीच कळलं हुतं म्हणं. म्हणून बसली न्हाई.’’

गाडी रमजानभाईंनी आणली. जॅकवर चढवून ते खाली शिरले आणि किती तरी वेळ बाहेरच आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी मागच्या सीटखालची काथ्याची चटई उचलून आईला दाखवली. खालचा पत्रा चाळणीसारखा झाला होता.

‘‘पाईप गळायचा थांबलाच नव्हता, वहिनी,’’ ते म्हणाले. ‘‘आधी बाहेर फुंकायचा, म्हणून आवाज यायचा. पत्रा लावल्यावर आवाज दबला, आणि फुंकर वळली ती ह्या भोकांकडं. इंजिनाचा हा वायू दिसत नाही. त्याला वास नाही म्हटलं तरी चालेल. त्यात पेट्रोल जास्त सोडलेलं, म्हणजे तो दुप्पट झाला. आणि काचा बंद.’’

आई आत गेली आणि लुगड्याच्या उरलेल्या चिंध्या चुलीत घालत बसली. एकेक करून.

तेराव्याची माणसं गेली त्या दुपारी ताई माजघरात बाळाला पाजत बसली होती. मी शेजारी जाऊन टेकले. मला पायगुणाच्या गोष्टींचा वीट आला होता आणि तिला आधीच कळलं होतं म्हणणाऱ्यांचा त्याहून जास्त.

‘‘ताई, तू का बसली नाहीस?’’ मी विचारलं. ‘‘मला तरी सांग.’’

ताईनं दाराकडे बघितलं. आई मागच्या दारी भांडी घासत होती.

‘‘गाडीत ही पीत नव्हती,’’ ती म्हणाली. ‘‘मलकापूरपासनं तीनदा पदराखाली घेतली. तोंडच लावेना. मान टाकायची. मला वाटलं, माझंच दूध आटलं. आणि घाटात उतरून झाडामागं बसलो, वारा लागला, तशी रडून उठली आणि ओढायला लागली, गं. घटाघटा. मला बाकी काही कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं, की ही तिथं पीत नाही.’’

‘‘मग तेच सांगायचं की!’’

‘‘अप्पांना?’’ ताई म्हणाली. ‘‘अप्पांपुढं असलं कसं बोलायचं? आईला सांगितलं असतं, तर तिनं तिथंच ओरडून त्यांना सांगितलं असतं.’’

मला तिचा राग आला आणि लगेच तो कुठल्या कुठे गेला, कारण मीही बोलले नसते. आमच्या घरात बाप आला की ताई उठून आतल्या खोलीत पाजायला जायची. पदराखालचं असं एक वाक्य बापाच्या कानावर घालण्यापेक्षा ती रस्त्याच्या मधोमध हट्टी ठरली होती, आणि बापाला वाटलं होतं, लेकीला माझ्या गाडीची लाज वाटते. तेच मनात घेऊन तो फाट्यावर थांबला होता.

बाळ पिता पिता झोपलं. ताई त्याच्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होती.

‘‘मालू, खरं सांग,’’ ती म्हणाली. ‘‘मी बोललो असतो, तर अप्पांनी काच उघडली असती का गं?’’

‘‘छे,’’ मी म्हणाले. ‘‘अप्पा ते. त्यांनी इंजिन सोडून कधी कुणाचं ऐकलंय?’’

ताईनं मान हलवली. तिला ते पटलं असावं, कारण त्या रात्री ती पहिल्यांदा झोपली. त्याला आता इतकी वर्षं झाली, बाळाचं लग्न होऊन तिला बाळं झाली, आणि ताई कधीतरी अजून तेच विचारते. मी अजून तेच उत्तर देते. खरं म्हणजे त्या नातीनं एक घोट जास्त घ्यावा म्हणून अप्पांनी चारही दारं उपसून घाटात फेकली असती, आणि उघड्या गाडीतून, व्याह्यांच्या पुढ्यात, तिला मिरवत नेली असती.